स्नानाआधीचे चार चमचे

मी रक्तात ओझं वाहणारा एक हमाल बोलतोय. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. सुईच्या टोकावर आम्ही कितीतरी कोटी मावू. शास्त्राच्या भाषेत मी एक प्रथिन. यकृतात साठवलेलं 'अ' जीवनसत्त्व उचलायचं आणि जिथे त्याची गरज आहे तिथे, मुख्यतः डोळ्यांत, नेऊन पोचवायचं, हे माझं काम. सध्या माझा मुक्काम बोटभर काचेच्या कुपीत आहे. कुपी बर्फाच्या पेटीत, आणि पेटी काशीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. कुपीवर निळ्या शाईनं लिहिलंय, 'ढुं. १'.

ढुं. म्हणजे ढुंढिराज. रामघाटच्या गल्लीत राहणारे मराठी याज्ञिक. त्यांच्याच यकृतात मी जन्मलो, म्हणून त्यांची गोष्ट सांगायचा मला थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो.

आमचं आयुष्य फार तर अर्ध्या दिवसाचं. त्यामुळे जाता जाता मागून येणाऱ्याच्या कानात सगळं घालून जायचं, ही आमची रीत. मी सांगतोय त्यातलं बरंचसं माझ्या आधीच्या हजारो पिढ्यांचं आहे. ऐकीव आहे, पण घरचं ऐकीव आहे. माणूस जे ऐकतो, जे लपवतो, त्याचा धक्का छातीत बसतो, आणि छातीतून आम्हाला दिवसभर ये-जा करावीच लागते.

आमच्या धंद्याचे नियम कडक. यकृत कुणाला रिकाम्या हातानं बाहेर सोडत नाही. ओझं उचललं तरच दार उघडतं. बाहेर पडलं की एक थोराड जोडीदार भेटतो. त्याचं कूळ वेगळं, तो गळ्यातल्या ग्रंथीचाही माल वाहतो. त्याचा हात धरूनच चालावं लागतं. मी इतका लहान की एकटा निघालो तर मूत्रपिंडाच्या चाळणीतून गळून जाईन. ओझं पोचतं झालं की जोडीदार हात सोडतो, आणि मग चाळणी आहेच. तक्रार नाही. पण इतक्या कमी वेळात इतकं मोलाचं ओझं न्यायचं म्हटलं की संशयी राहावंच लागतं. माल कुठला, कुणी पाठवला, किती आला, हे आम्ही विचारत असतो.

आणि ढुंढिराजांच्या कोठारात येणाऱ्या मालाचा आम्हाला एकोणीसशे पंच्याऐंशीपासून संशय होता.

त्याआधी सगळं रीतसर होतं. दूध, तूप, पालक, थंडीत गाजर, ज्येष्ठात लंगडा आंबा. त्यातून येईल तेवढा माल कोठारात जायचा आणि लागेल तेवढा आम्ही बाहेर न्यायचो. मग एके दिवशी पहाटेच, पोटात पाण्याचा थेंब नसताना, एक लाट आली. माल आमच्याच ओळखीचा, पण अफाट. आणि त्याला वास समुद्राचा. ढुंढिराजांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता.

त्याचं मूळ सांगतो. ढुंढिराजांचे वडील पंचावन्नाव्या वर्षी आंधळे झाले. त्यांना सगळं तोंडपाठ होतं, त्यामुळे दृष्टी गेली तरी मंत्र गेले नाहीत. ढुंढिराजांचं तसं नव्हतं. ते शाळेत सहावीपर्यंतच गेलेले. पुढचं सगळं त्यांनी स्वतः वाचून, उतरवून, ताडून मिळवलेलं. डोळे म्हणजे त्यांची विद्या. वयाच्या चाळिशीत त्यांच्या हाती एक जुनी हिंदी आरोग्यपुस्तिका लागली. तीत लिहिलं होतं, डोळ्यांसाठी शार्क माशाच्या यकृताचं तेल उत्तम, रोज लहान चमचाभर.

मासा. आणि ढुंढिराज श्राद्धाला बसणारे ब्राह्मण. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांच्या पितरांच्या जागी पाटावर बसून जेवणारे.

त्यांनी तीन दिवस विचार केला आणि वाट काढली. तेल मैदागिनच्या औषधाच्या दुकानातून आणायचं, तिथे ओळखीचं कुणी नाही. घरात ठेवायचं नाही, घर सोवळ्याचं. घाटावर नाही, तिथे देव. मग उरली नाव. पंचगंगा घाटावर शिवराम मल्लाहची, म्हणजे नावाड्याची, नाव बांधलेली असे. तिच्या फळीखाली बाटली राहिली. पहाटे स्नानाला उतरायचं, नावेत बसून चमचा घ्यायचा आणि लगेच गंगेत तीन बुड्या. जे काही झालं ते स्नानाच्या आधी झालं, स्नानानं धुतलं गेलं. वर येऊन तुळशीचं पान आणि एक लवंग चावायची.

शिवराम हे सगळं नऊ वर्षं बघत आला. एकदाच म्हणाला, "पंडितजी, हम मछली खानेवाले आदमी हैं, हमसे भी आपकी शीशी नहीं सूँघी जाती."

ढुंढिराजांनी त्याला गंगाजळ हातात देऊन शपथ घातली. तो शपथेला जागला.

आता त्यांच्या वहीबद्दल. ढुंढिराज रोजनिशी लिहीत. कुणी शिकवलं नव्हतं, पण असं बारीक लिहिणारा माणूस रामघाटावर दुसरा नसेल. स्नान किती वाजता, गंगा किती पायऱ्या खाली, कुणाच्या घरी कुठलं कर्म, जेवणात काय, भात किती मुदी, दूध किती वाटी, पान खाल्लं तर तेही. खोटं एक अक्षर नाही. पण वहीतला दिवस सुरू व्हायचा 'स्नान' या शब्दानं. त्याच्या आधीचं काही नाही.

ज्या वयात वडील आंधळे झाले ते पंचावन्नावं वर्ष जवळ येत गेलं, तसे चमचे वाढले. एकाचे दोन, दोनाचे चार.

इकडे कोठारात काय चाललं होतं ते आम्ही रोज बघत होतो. यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात, त्या या मालाच्या राखणदार. आधी त्या फुगल्या. मग त्यांना जागा पुरेना. मग त्यांचा स्वभावच पालटला: राखण सोडून त्या दोर वळत बसल्या. कोठारभर दोरांची जाळी झाली, यकृत कडक होऊ लागलं. जिथे आमचा जन्म व्हायचा त्या खोल्या एकेक करून बंद पडल्या. आम्ही कमी झालो. आणि रस्त्यावर मालाचे असे कण दिसू लागले, जे आमच्यापैकी कुणाचाही हात न धरता चरबीच्या गाड्यांवर बसून हिंडत होते. असल्यांचा माझ्या पूर्वजांनाही संशय होता. ते जातील तिथे काही ना काही बिघडायचं. ओठ फुटायचे, केस गळायचे, हाडं ठणकायची. ढुंढिराजांच्या भुवया शेवटी बाहेरच्या बाजूनं झडून अर्ध्याच उरल्या.

घरात संशय वेगळाच होता. ढुंढिराजांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई. त्यांना पहाटेच्या लवंगेचा वास यायचा आणि लवंगेखाली दुसरा काहीतरी. नवऱ्याचे पाय सुजले, डोळे पिवळे दिसू लागले, भूक गेली. शेजारी मंगला गौरीच्या गल्लीत एक जण दारूनं असाच गेला होता. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त नवरा घाटावरून वर आला की पंचा हातात देण्याच्या निमित्तानं जवळ जायच्या आणि श्वास घ्यायच्या. ढुंढिराजांना ते कळायचं. छातीत कसं आवळून यायचं ते मला विचारा.

चौऱ्याण्णवच्या कार्तिकात प्रकरण बाहेर पडलं. पंचगंगेवर कार्तिकभर संध्याकाळी उंच बांबूंवर आकाशदीप चढवतात. ढुंढिराजांच्या घरचा एक दीप असतो. ते दोर ओढून टोपली वर चढवत होते, सूर्य मावळत होता, आणि त्यांना पुढची पायरीच दिसली नाही. दहा पायऱ्या खाली आले. इतरांना अजून लख्ख दिसत होतं. त्यांच्यासाठी मात्र अंधार पडला होता. ज्या डोळ्यांसाठी नऊ वर्षं चोरी केली, तेच डोळे.

रुग्णालयातले मोठे डॉक्टर कामात गर्क, पण वाईट माणूस नव्हे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, यकृत कडक लागलं, पोटात पाणी लागलं. पहिला प्रश्न आला.

"पीते हैं?"

"नहीं."

"कब से नहीं?"

ढुंढिराज म्हणाले, कधीच नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, रुग्ण नाकारतो. खाटेशी उभे असलेले वेणीमाधवकाका, ढुंढिराजांचे चुलते आणि तिथल्या मराठी याज्ञिकांतले सर्वांत वडील, त्यांनी तो कागद वाचला आणि घडी घालून परत ठेवला. कोणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून श्राद्धाच्या आमंत्रणांत ढुंढिराजांचं नाव येईना.

ढुंढिराजांना हे सहज मोडता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांचा हिशेब असा होता: दारूचा लोकांना संशय आहे, आणि संशय त्यांचा आहे. माशाची मात्र आपली कबुली ठरेल. नऊ वर्षांत शेकडो घरच्या पितरांच्या नावानं आपण जेवलो. एकदा तोंडातून शब्द गेला की ती सगळी श्राद्धं बाटली असं कुणीही म्हणेल. म्हणून ते गप्प राहिले. खाटेवर पडल्या पडल्या दर संध्याकाळी डोळ्यांपुढे हात धरून बोटं मोजायचे. पाचांची कधी तीन दिसत, कधी एकही नाही.

त्याच आठवड्यात लतिका आली. रेल्वेतल्या एका मराठी कुटुंबातली, काशीतच वाढलेली, यकृताच्या रोग्यांच्या रक्तावर संशोधन करणारी. आमच्यासारख्या वाहकांवर तिचा अभ्यास. "गुरुजी, थोडं रक्त घेते," म्हणाली, आणि सुई आत आली. त्यात मी सापडलो.

माझी दिशा डोळ्यांची होती. तिथवर जायचं राहिलं.

लतिकानं आमच्यातल्या काहींना एका पारदर्शक लगद्याच्या थरात, बारीक भोकात सोडलं. आम्ही पसरत जातो आणि आमच्याभोवती पांढरं वर्तुळ उमटतं. जितके आम्ही जास्त, तितकं वर्तुळ मोठं. ढुंढिराजांचं वर्तुळ तांदळाच्या दाण्याएवढं निघालं. तिनं भिंग लावून तीनदा मोजलं. उरलेलं रक्त, मीही त्यातच, कुपीत, कुपी पेटीत. गोठल्यावर माणसाला ऐकू येतं की नाही ते मला माहीत नाही. मला येतं, काचेतून दिसतंही. पेटी तिच्या टेबलाला टेकून होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ढुंढिराजांना 'अ' जीवनसत्त्वाचा एक छोटा डोस दिला आणि पाच तासांनी पुन्हा रक्त घेतलं. 'ढुं. २' माझ्या शेजारी येऊन बसली. कोठार रिकामं असतं, तर आत मालाची वाट बघत ताटकळलेले आम्ही नवा माल येताच तो उचलून धावलो असतो, आणि रक्तातलं प्रमाण वाढलं असतं. वाढलं नाही. म्हणजे कोठार रिकामं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. रक्तात जीवनसत्त्व कमी, संध्याकाळी दिसत नाही, तर भरपूर द्या. मोठ्या मात्रेची इंजेक्शनं सुरू करू. लतिका म्हणाली, सर, मला वाटतं माल आहे, वाहणारे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "वाटतं म्हणजे? ब्राह्मणाच्या घरच्या जेवणात इतकं येणार कुठून?"  तिनं आठ दिवस मागितले. डॉक्टरांनी सोमवारपर्यंतचे पाच दिले.

मी कुपीत गोठून ऐकत होतो. सोमवारी ती इंजेक्शनं सुरू झाली तर त्या कोठाराचं काय होईल हे या खोलीत फक्त मला आणि माझ्या शेजारणीला ठाऊक होतं. आणि आम्हाला तोंड नव्हतं.

लतिका पक्की संशयी. ती मला तेव्हाच आवडू लागली. तिनं ढुंढिराजांच्या अर्ध्या भुवया पाहिल्या, फुटलेले ओठ पाहिले. शक्तीचं काही घेता का, विचारलं. नाही. वैद्याचं काही? नाही. मग खाता काय? ढुंढिराज म्हणाले, वही बघा. त्यांना वहीचा अभिमान होता. अन्नपूर्णाबाईंनी घरून अकरा वह्या आणल्या, आणि लतिका दोन दिवस त्या वाचत बसली. भात, वरण, दूध, तूप. एवढ्यानं कुणाचं यकृत भरत नाही.

शनिवारी दुपारी अन्नपूर्णाबाई डबा घेऊन आल्या. ढुंढिराजांना झोप लागली होती, म्हणून प्रयोगशाळेत येऊन लतिकाच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"अगं, तू आपल्यातली म्हणून विचारते. डाक्टर लोक सांगत नाहीत. दारूच ना?"

"ते नाही म्हणतात, काकू."

"नाहीच म्हणणार. मी बघितलंय."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या महिन्यात त्या एका पहाटे नवऱ्याच्या मागोमाग घाटावर गेल्या होत्या. बुरुजाआड उभ्या राहिल्या. शिवरामनं फळीखालून शीशी काढली, ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, घेतली, झाकण लावलं आणि पाण्यात उतरले. चव्वेचाळीस वर्षांचं माझं वय, त्या म्हणाल्या, आणि मी चोरासारखी दगडाआड उभी.

लतिकानं विचारलं, किती घेतली?

"चार."

"चार पेले?"

"पेले कुठले. चमचे. माझाच चहाचा चमचा आहे तो, वर्षं झाली शोधतेय."

लतिकानं हातातली काचेची नळी खाली ठेवली. "काकू, दारू चमच्यानं कोण पितं?"

"हे पितील. सगळं मोजून करतात."

दोघी हसल्या, आणि अन्नपूर्णाबाई हसता हसता रडायला लागल्या. लतिकानं त्यांना पाणी दिलं. मग तिनं पुन्हा वह्या ओढल्या आणि पानं उलटू लागली. पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, नव्वद. प्रत्येक पानाची पहिली ओळ तीच. शेवटी तिनं विचारलं, हे चमचे स्नानाच्या आधी की नंतर? अन्नपूर्णाबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. स्नानानंतर कसे घेतील, त्या म्हणाल्या, नंतर देवाचं असतं.

लतिका उठली आणि ढुंढिराजांना चाकाच्या खुर्चीतून तिथेच घेऊन आली. अन्नपूर्णाबाई जायला निघाल्या, तर तिनं त्यांना बसवून घेतलं. ढुंढिराजांनी बायकोला पाहिलं, उघड्या वह्या पाहिल्या. 

"गुरुजी, वही उत्तम आहे. पण स्नानाआधी काय?"

"पारोशाचं मी लिहीत नाही."

"लिहू नका. सांगा."

ढुंढिराज उघड्या वह्या एकेक करून मिटू लागले. बाहेर गडबड चालली होती, कुणाची तरी खाट नेत होते. लतिकानं मग त्यांना घाई न करता सांगितलं, की सोमवारी डॉक्टर इंजेक्शनं सुरू करणार आहेत; माझ्या डोक्यात जे आहे ते खरं असेल तर ती तुम्हाला सोसणार नाहीत; आणि खोटं असेल तर मी तुमचे डोळे अडवून धरलेत. दोन्हींतलं काय, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

ढुंढिराजांनी बायकोकडे न बघता सांगितलं. "माशाचं तेल. शार्कचं. नऊ वर्षं झाली."

अन्नपूर्णाबाईंना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं त्या कानांवर हात ठेवतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"मी दारू समजत होते," त्या म्हणाल्या.

"मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, आणि समजू दिलंत?"

 मंत्र उतरवताना चूक झाली की ढुंढिराज ओळ खोडून पुन्हा लिहीत. हे तसं खोडता येण्यासारखं नव्हतं.

मग बराच वेळ लतिका बोलत होती. तिनं आमची गोष्ट सांगितली: कोठार भरून फुटायला आलंय, राखणदार दोर वळत बसलेत, हमालांचा जन्मच थांबलाय, म्हणून डोळे उपाशी. तुम्हाला कमी दिसू लागलं म्हणून तुम्ही आणखी घातलंत, आणि जितकं घातलंत तितके हमाल कमी झाले. ढुंढिराजांनी शेवटपर्यंत ऐकून एकच गोष्ट विचारली: पुस्तिकेत एक चमचा लिहिला होता, एकावर राहिलो असतो तर? लतिका म्हणाली, तर कदाचित आपली भेट झाली नसती.

सोमवारी तिनं डॉक्टरांना आकडे दाखवले, चमच्याचं माप दाखवलं, वर्षं दाखवली. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि इंजेक्शनं रद्द केली. मग ढुंढिराजांच्या खाटेशी गेले आणि, लतिकानं परत येऊन सांगितलं, म्हणाले, "पंडितजी, माफ कीजिएगा." रुग्णालयात हा शब्द मी पुन्हा ऐकलेला नाही.

पुढचं मला 'ढुं. ३' नं सांगितलं. ती शहाण्णवच्या चैत्रात पेटीत आली. दीड वर्षाच्या बातम्या तिच्याकडे होत्या.

रुग्णालयातून सुटल्यावर ढुंढिराज घरी न जाता आधी वेणीमाधवकाकांकडे गेले. अन्नपूर्णाबाई बरोबर होत्या, पण उंबऱ्याबाहेर थांबल्या. काकांचं वय ऐंशीच्या पुढे. पुतण्यानं सगळं सांगितलं, चमच्यांसकट. काका डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय, असं ढुंढिराजांना वाटलं.

मग काका म्हणाले, औषध म्हणून घेतलं त्याला प्रायश्चित्त आहे, ते करू. वर्षभर श्राद्धाला बसू नकोस. ढुंढिराजांनी विचारलं, झालेल्या श्राद्धांचं काय, यजमानांना पत्रं लिहू का? त्यांच्याकडे सगळ्यांचे पत्ते होते.

"कुणाला काही लिहू नकोस. त्यांचे पितर त्यांच्या श्रद्धेवर जेवले, तुझ्या जिभेवर नाही." पुढे काका म्हणाले, "पण मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो. आणि आज तू असा पिवळा दिसला नसतास."

ढुंढिराजांनी काकांच्या पायांवर डोकं ठेवलं ते लवकर उचललं नाही.

तेल त्या दिवसापासून बंद. उरलेली बाटली शिवरामनं नावेच्या लाकडाला चोळली म्हणतात. यकृतात वळलेले दोर सगळे सुटत नाहीत, पण नवे वळणं थांबलं. बंद पडलेल्या काही खोल्या उघडल्या. 'ढुं. ३' चं वर्तुळ लतिकानं मोजलं तेव्हा मी तिचा चेहरा पाहत होतो. ते माझ्या वर्तुळाच्या दीडपट होतं. पुरतं नव्हे, पण संध्याकाळी दिवा लागेपर्यंत ढुंढिराजांना गल्लीतली माणसं ओळखू येऊ लागली होती.

आणि अन्नपूर्णाबाई? त्या आता रोज पहाटे नवऱ्याबरोबर घाटावर उतरतात. दोघं एकाच वेळी पाण्यात जातात, एकाच वेळी वर येतात, वाटेत फारसं बोलत नाहीत. ही सोबत की पहारा, असं मी 'ढुं. ३' ला विचारलं. ती म्हणाली, छातीतून रोज जात होतो आम्ही, तरी सांगता येत नाही. ढुंढिराज मात्र त्या थोड्या मागे पडल्या तर पायरीवर थांबतात.

त्यानंतर चौथी कुपी आली नाही. लतिकाचा प्रबंध पुरा झाला, ती नोकरीसाठी नागपूरला गेली. आता पेटीवर चिठ्ठी लागली आहे: जुने नमुने सोमवारी टाकायचे. या शहरात वीज इतकी जाते की दोनदा मी अर्धा वितळून पुन्हा गोठलो आहे. आता फार काही उरलोही नसेन. म्हणून आज बोलून घेतलं.

माझ्यावर फार विसंबू नका, वाचकहो. माझं वर्तुळ लहान निघालं, एवढ्यावरून माणूस दारू पितो असं ठरत नाही, तो उपाशी आहे असंही ठरत नाही. मला मोजा, अवश्य मोजा, पण ज्याच्या रक्तातला मी आहे त्यालाही विचारा. आणि विचाराल ते असं, की त्याला सांगता येईल.

माझ्या हातात अजून तो एक कण आहे. चौऱ्याण्णवच्या कार्तिकात, सुई आली त्या सकाळी, मी तो कोठारातून उचलला होता. ढुंढिराजांच्या डोळ्यासाठी होता. तेवढा पोचवायचा राहिला.